तीन केशवराव

रंगभूमीच्या गप्पांत कोणी नुसते ‘केशवराव’ म्हटले, की विचारावेसे वाटते, कोणते? १९०८ साली हुबळीस ‘ललितकलादर्श’ मंडळी स्थापणारे गायक-नट भोसले १९२१ साली अवघ्या एकतिसाव्या वर्षी निवर्तले. पुढे १९३७ साली ‘प्रभात’च्या ‘कुंकू’ या बोलपटात दुसरे दोन केशवराव एकत्र आले. तरुणीशी विवाह करून पस्तावणारा वृद्ध वकील दात्यांनी उभा केला. संगीत भोळ्यांनी दिले. म्हणजे एकाच बोलपटाची स्तुती करतानाही नुसते ‘केशवराव’ म्हणून भागत नाही! ‘राव’ जोडून आपण तिघांनाही सारखाच मान दिला. परंतु आडनाव गाळले, तर एकाचे श्रेय नकळत दुसऱ्याच्या पदरी पडते. म्हणून प्रेमाने हाक नावाने मारावी. श्रेय मात्र पुऱ्या नावानेच द्यावे.