जन्मजात आणि आनुवंशिक

‘खाण तशी माती’ ही म्हण मराठी घरांत इतकी रुळलेली आहे की, एखादे मूल वैगुण्य घेऊन जन्मास आले म्हणजे ते आईबापांच्या रक्तातूनच उतरले, असे लोक सहज बोलून जातात. जीवशास्त्र मात्र या एका समजुतीच्या जागी तीन निरनिराळे शब्द वापरते : जन्मजात, जनुकीय आणि आनुवंशिक. त्यांची सरमिसळ हा केवळ भाषेचा दोष असता, तर त्याची चिकित्सा करावयाचे फारसे कारण नव्हते. परंतु भोपाळसारख्या शहरात या शब्दांच्या अर्थाशी मुलींची लग्ने आणि मुलांचे औषधपाणी निगडित झालेले आहे.

जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेले. हा शब्द काळ सांगतो, कारण सांगत नाही. जनुकीय म्हणजे पेशीतील जनुकांत किंवा गुणसूत्रांत बदल झाल्यामुळे उद्भवलेले. हा शब्द कारण सांगतो. आनुवंशिक म्हणजे आईबापांच्या बीजपेशींतून अपत्याकडे आलेले. हा शब्द मार्ग सांगतो.

सिकलसेल हा रक्ताचा विकार विदर्भात आणि मध्य प्रदेशात पुष्कळ आढळतो. तो आनुवंशिक आहे. तथापि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पहिले काही महिने बाळाचे रक्षण करीत असल्याने जन्मतः त्याची लक्षणे बहुधा दिसत नाहीत. डाऊन लक्षणसमूहात २१ व्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते, हे १९५९ साली फ्रान्समध्ये प्रसिद्ध झाले. हा दोष गुणसूत्रांचा आहे आणि जन्मजातही आहे. पण बहुतेक कुटुंबांत तो पूर्वजांकडून आलेला नसतो, बीजपेशी तयार होताना झालेल्या विभाजनाच्या चुकीतून तो उद्भवतो. याहून वेगळे उदाहरण रुबेलाचे. गर्भवतीस हा आजार झाल्यास बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकते, हे ऑस्ट्रेलियातील नेत्रवैद्य नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ साली दाखवून दिले. येथे जनुके निर्दोष आणि वंशही निर्दोष. बाधा पोहोचते ती गर्भाशयात.

भोपाळचा प्रश्न समजण्यास हे शेवटचे उदाहरण फार उपयोगी पडते. १९८४ च्या डिसेंबरमध्ये २ व ३ तारखेच्या दरम्यानच्या रात्री युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडला. कारखान्यापासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आणि त्या वेळी गर्भवती असलेल्या ८६५ स्त्रियांची माहिती पुढे काही महिन्यांनी गोळा करण्यात आली. त्यांपैकी शेकडा ४३ स्त्रियांना जिवंत मूल झाले नव्हते. जी ४८६ मुले जिवंत जन्मली, त्यांतील शेकडा १४ पहिल्या तीस दिवसांतच दगावली. त्याआधीच्या दोन वर्षांत हे प्रमाण शेकडा ३ च्या आतबाहेर होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, त्या रात्री मातेच्या उदरात असलेल्या मुलग्यांमध्ये पुढील आयुष्यात कर्करोगाचे आणि कामधंद्याच्या आड येणाऱ्या अपंगत्वाचे प्रमाण अधिक आढळले. ही हानी गर्भावस्थेत पोहोचलेली आहे. तिला आनुवंशिक म्हणता येत नाही.

वायुपीडितांच्या रक्तपेशींतील गुणसूत्रांत बिघाड आढळले, हेही खरे. परंतु रक्तपेशी अपत्याकडे जात नाहीत. बिघाड बीजपेशींत झाला असेल, तरच तो पुढील पिढीकडे जाऊ शकतो. हिरोशिमा आणि नागासाकी येथे १९४५ साली गर्भात असलेल्या काही मुलांची डोकी लहान राहिली, बुद्धीची वाढ खुंटली. त्यानंतर गर्भधारणा होऊन जन्मलेल्या मुलांची मात्र अनेक दशके पाहणी करूनही आनुवंशिक दोषांत स्पष्ट वाढ आढळलेली नाही. भोपाळमध्ये आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कारखान्याच्या विषारी कचऱ्याने जवळपासचे भूजल दूषित झाले. ते पाणी प्यालेल्या मातेच्या उदरातील बाळाला बाधा झाली, तर तीही वंशातून आलेली नसते, पाण्यातून आलेली असते.

शब्दांच्या गोंधळाने अन्याय दोन्ही बाजूंनी होतो. सारे काही आनुवंशिक मानले, तर वायुपीडित घरातील निरोगी मुलगी ‘हिच्या रक्तात विष आहे’ म्हणून नाकारली जाते. उलट, आनुवंशिकता सिद्ध झाली नाही म्हणून काहीच झाले नाही असे मानले, तर गर्भातच बाधा पोहोचलेल्या मुलाच्या उपचाराचा हक्क बुडतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९९१ च्या निकालात वायुबाधित मातांच्या पुढे जन्मणाऱ्या मुलांचा वैद्यकीय विम्यासाठी विचार केला, तेव्हा जन्मजात दोषांचाच उल्लेख केला. तो दोष वंशातून उतरला आहे, हे सिद्ध करण्याचा भार त्या मुलांवर टाकला नाही.

म्हणून एखाद्या मुलाचे वैगुण्य पाहून ‘हे कुणाकडून आले?’ असे विचारण्यापूर्वी ‘हे केव्हा आणि कशाने झाले?’ असे विचारणे अधिक योग्य होय. त्याचे उत्तर वैद्यांच्या तपासणीतून मिळते, आणि ते मिळेपर्यंत त्या मुलाच्या आईला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही.