फावल्या वेळचे कसब

संगणकाच्या आज्ञावली रचण्याची नोकरी करणारा तरुण संध्याकाळी घरी येतो, जेवतो, आणि पुन्हा संगणकापुढेच जाऊन बसतो. घरातील वडीलधाऱ्यांस हे दृश्य चमत्कारिक वाटते. पेढीवरचा कारकून घरी येऊन हौसेने खतावणी लिहीत बसल्याचे कोणी पाहिले आहे काय? परंतु दिवसभर लोकांच्या खुर्च्या करणाऱ्या सुतारास रात्री आपल्या मुलासाठी लाकडाचा घोडा करावासा वाटतो, त्यातलाच हा प्रकार होय. हत्यारे तीच, मात्र काय घडवावयाचे, हे येथे धनी सांगत नाही.

प्रश्न आहे तो असा, की नोकरी सांभाळून हा घोडा पुरा कसा व्हावयाचा? श्रोतेहो, ह्या बाबतीत स्वीडनमधील डॅनियल स्टेनबर्ग ह्यांचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९९६ च्या सुमारास इंटरनेटवरील गप्पांच्या एका दालनात परकीय चलनाचे भाव सांगण्याची सोय करावी, असे त्यांच्या मनात आले. त्यासाठी दुसऱ्या एकाने लिहिलेली लहानशी आज्ञावली त्यांनी हाती घेतली व वाढविली. २० मार्च १९९८ रोजी ती ‘कर्ल’ ह्या नावाने प्रसिद्ध झाली. आज मोटारींत, दूरचित्रवाणी संचांत, खिशातल्या फोनांत ती निमूटपणे माहितीची ने-आण करीत असते. २०१७ साली त्यांना स्वीडनचे पोल्हेम पारितोषिक मिळाले. तथापि ह्या साऱ्या काळात ते दुसरीकडे नोकरीच करीत होते. केवळ कर्लचे काम हीच नोकरी, असा योग २०१९ साली आला.

वीस वर्षांच्या त्या काळात त्यांनी फावल्या वेळातून रोज सरासरी सुमारे दोन तास दिले. हिशेब करून पाहावा. दोन तासांप्रमाणे वीस वर्षांचे चौदा हजारांवर तास होतात. म्हणजे आठ तासांच्या नोकरीची सुमारे सात वर्षे! उलट, पहिल्या उत्साहात रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जागणारे पुष्कळ असतात. झोपेकडून काढलेले हे कर्ज दुसऱ्याच दिवशी कचेरीत फेडावे लागते, आणि पंधरवड्यात घोडा अर्धवट राहतो तो राहतोच.

लोकांच्या उपयोगी पडू लागलेला छंद मात्र निराळेच संकट आणतो. फिनलंडमधील लासे कॉलिन हे ‘एक्सझेड’ नावाची, माहिती आटोपशीर करून ठेवणारी आज्ञावली वर्षानुवर्षे फुकट सांभाळीत होते. काम मंदावले म्हणून लोक तगादा लावू लागले. हे बिनपगारी छंदाचे काम आहे, असे त्यांनी २०२२ साली उघड सांगितले. तरीही तगादा थांबला नाही. अखेर मदतीस आलेल्या एका अनोळखी सहकाऱ्याच्या हाती त्यांनी अधिकार दिले, आणि त्याने आज्ञावलीत चोरदरवाजा बसविला! मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास संगणकात शिरताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे दिसले, म्हणून ते कपट उघडकीस आले. फुकट मिळणाऱ्या वस्तूसाठी तगादा लावणाऱ्यांनी त्या गृहस्थाच्या रात्रींचा विचार केला होता काय?

राहिला मालकीचा प्रश्न. आपल्याकडील १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे आज्ञावली ही साहित्यकृतीच समजली जाते (साहित्यिकांस हे कसे वाटेल कोण जाणे), आणि नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला मालक, निराळा करार नसल्यास, धनीच असतो. म्हणून नेमणूकपत्र नीट वाचून, धन्यास अगोदर विचारून घेणे श्रेयस्कर. अमेरिकेत स्टीव्ह वॉझ्निअक ह्यांनी नेमके हेच केले. ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत गणकयंत्रे करीत असता त्यांनी फावल्या वेळात एक लहान संगणक सिद्ध केला व तो प्रथम आपल्याच वरिष्ठांस दाखविला. त्यांनी तो नाकारला. तेव्हा कंपनीकडून रीतसर मोकळीक मिळवून १९७६ साली तो ‘ॲपल’ ह्या नावाने विक्रीस आला. आणि त्यानंतरही काही महिने वॉझ्निअक दिवसा कंपनीची गणकयंत्रेच करीत होते.