लाभांशाचे उत्पन्न आणि टक्केवारीचा अर्थ

निवृत्तीनंतर घरखर्चासाठी नियमित रक्कम हाती यावी, या हेतूने जे गुंतवणूकदार शेअर बाजाराकडे वळतात, त्यांचे लक्ष साहजिकच भरघोस लाभांश देणाऱ्या कंपन्यांकडे जाते. लाभांश म्हणजे कंपनीने आपल्या नफ्यातून भागधारकांना वाटलेला हिस्सा. संचालक मंडळ वर्षाच्या मध्येच जो जाहीर करते तो अंतरिम लाभांश, आणि मंडळाच्या शिफारशीनंतर वार्षिक सर्वसाधारण सभेत भागधारक ज्याला मंजुरी देतात तो अंतिम लाभांश. मुदत ठेवीवरील व्याज देणे बँकेला बंधनकारक असते. लाभांशावर मात्र तो जाहीर होईपर्यंत भागधारकाचा हक्क नसतो, आणि पुढचा सारा विचार या फरकावर उभा आहे.

‘अमुक कंपनीचा एक हजार टक्के लाभांश’ अशी बातमी येते, तेव्हा ती टक्केवारी शेअरच्या दर्शनी मूल्यावर, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या एक, दोन किंवा दहा रुपयांच्या मूळ किमतीवर मोजलेली असते. दर्शनी मूल्य एक रुपया आणि बाजारभाव पाचशे रुपये असेल, तर हजार टक्के म्हणजे दहा रुपये, अर्थात गुंतवलेल्या रकमेवर अवघे दोन टक्के. ही दुसरी टक्केवारी, जिला बाजारात डिव्हिडंड यील्ड म्हणतात, वर्षभराच्या लाभांशाला चालू बाजारभावाने भागून काढली जाते आणि तुलनेसाठी तीच उपयोगी पडते. तथापि भाव कोसळला की कंपनीने एक पैसाही जास्त न देता हा आकडा वाढतो, त्यामुळे यादीत सर्वांत वर दिसणारी कंपनी ही पुष्कळदा बाजाराचा विश्वास उडालेली कंपनी असते.

वेदांता या कंपनीचे 2022-23 हे आर्थिक वर्ष या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. त्या वर्षी कंपनीने पाच हप्त्यांत मिळून प्रत्येक शेअरमागे 101 रुपये 50 पैसे अंतरिम लाभांश जाहीर केला, आणि मार्च 2023 अखेरचा सुमारे पावणेतीनशे रुपयांचा भाव धरता यील्ड 35 टक्क्यांच्याही पुढे गेले. परंतु एप्रिल 2022 च्या सुरुवातीला हाच शेअर चारशे रुपयांच्या वर होता, म्हणजे तेव्हा खरेदी करणाऱ्याच्या भांडवलात झालेली घट मिळालेल्या लाभांशापेक्षाही मोठी होती; आणि 35 टक्क्यांच्या आशेने वर्षअखेरीस शेअर घेणाऱ्याला पुढच्या वर्षी 29 रुपये 50 पैसे मिळाले. हा परतावाही वाईट नव्हे, पण ज्याने पहिल्या आकड्यावर घरखर्चाचा हिशेब बसवला असेल, त्याचा हिशेब पार कोलमडला असता.

सार्वजनिक क्षेत्रातील कंपन्यांना किमान लाभांशाविषयी केंद्र सरकारचे मार्गदर्शक निकष आहेत. नोव्हेंबर 2024 च्या सुधारणेनुसार करोत्तर नफ्याच्या 30 टक्के किंवा निव्वळ मालमत्तेच्या 4 टक्के, यांपैकी जी रक्कम जास्त असेल ती कायद्याच्या मर्यादेत राहून वाटावी, अशी अपेक्षा असते. तरीही लाभांशाच्या निकषांमुळे भाव टिकतोच असे नाही; 2010 मध्ये 245 रुपये दराने ज्या सरकारी कंपनीचे शेअर विक्रीस निघाले, त्या कोल इंडियाचा भाव 2020 च्या अखेरच्या महिन्यांत 130 रुपयांच्याही खाली गेला होता. पुढे भाव सावरला आणि लाभांशही वाढला. पण मधल्या काळात ज्याला औषधपाण्यासाठी शेअर विकावे लागले असतील, त्याला त्या सावरण्याचा काय उपयोग?

म्हणून दोन कंपन्यांची तुलना करताना यील्डच्या आधी, वाटलेला लाभांश नफ्याच्या किती टक्के आहे हे प्रमाण पाहावे. ते शंभराच्या वर असेल तर कंपनी जुनी शिल्लक किंवा कर्जाचे पैसे वाटत असण्याची शक्यता असते. व्यवसायातून प्रत्यक्ष आलेली रोकड वार्षिक अहवालातील रोख प्रवाहाच्या पत्रकात दिसते, आणि निदान दहा वर्षांचा लाभांश ओळीने मांडला की मंदीच्या वर्षांत कंपनीने हात किती आखडता घेतला हेही कळते. एखादा कारखाना विकून एकदाच दिलेला विशेष लाभांश या मांडणीतून वगळलाच पाहिजे. नोंद दिनांकाच्या, म्हणजे लाभांशास पात्र भागधारक ज्या दिवशी ठरतात त्या दिवसाच्या तोंडावर शेअर घेण्यात फारसा लाभ नाही, कारण त्यानंतर भाव साधारणपणे तेवढ्याच रकमेने उतरतो.

करही हिशेबात धरावा लागतो. एप्रिल 2020 पासून लाभांश भागधारकाच्या उत्पन्नात मिळवला जातो, त्यामुळे 30 टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीच्या हाती सहा टक्के यील्डपैकी जेमतेम 4.2 टक्के उरतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेने एप्रिल 2023 पासून 8.2 टक्के व्याज देऊ केले. तेही करपात्र असले तरी भांडवलाला धोका नाही. तेव्हा दरमहाचा आवश्यक खर्च अशा हमीच्या व्याजातून भागवावा आणि लाभांशाला पूरक उत्पन्न मानावे, हेच शहाणपणाचे.

शेअर घेतलेल्यांनी आपले बँक खाते, पत्ता आणि वारसाचे नामांकन आजच तपासून घ्यावे, कारण सलग सात वर्षे न स्वीकारलेला लाभांश, आणि त्यासोबत ते शेअरही, कायद्यानुसार गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, आणि ते परत मिळवण्यासाठी वारसांना रीतसर अर्ज करावा लागतो.