कानाच्या शिरेतला एक थेंब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काही गोड बोलावे अशी रीत आहे. पण मी पडले गुरांची डॉक्टर. माझी सारी नोकरी याच जिल्ह्यातल्या गोठ्यांतून झाली, तेव्हा गोष्टही गोठ्यातलीच सांगते. आपण शहरात राहतो खऱ्या. पण कुणाचे माहेर वैजापूरकडे, तर कुणाचे सासर कन्नड-सिल्लोडला आहे. ही गोष्ट तिथवर पोहोचावी एवढीच इच्छा.

नोकरीचे पहिलेच वर्ष होते. मिरगाचा पाऊस नुकताच पडून गेला होता. एका गावाहून निरोप आला : रात्री धडधाकट असलेला बैल सकाळी दावणीला मरून पडला आहे, नाकातून काळसर रक्त आले आहे. एस.टी.ने आणि पुढे पायी जाईपर्यंत मला दुपार झाली. घरच्यांनी 'पान लागले' असे ठरवून, कातड्याचे चार पैसे येतील म्हणून बैल सोलून टाकला होता. आठवड्याच्या आत सोलणाऱ्या मुलाच्या हाताला पुळी उठली. ती दुखत नव्हती, पण मध्ये कोळशासारखी काळी होती. पेनिसिलीनने मुलगा वाचला. गोठ्यातल्या दोन गाई मात्र गेल्या.

हा रोग म्हणजे फाशी. माणसाला झाला की त्यालाच काळपुळी म्हणतात. 1876 साली रॉबर्ट कॉख या जर्मन डॉक्टरने एका लहान गावी, राहत्या घरी प्रयोग करून या जंतूचे गुपित उलगडले. बंद कलेवरात हे जंतू कुजण्यामुळेच थोड्या दिवसांत मरतात. पण जनावर कापले की त्यांना हवा मिळते, ते कठीण कवचाचे बीज बनतात आणि मातीत कित्येक दशके टिकतात. पुढे पावसाने ते वर येतात, आणि आखूड गवत मातीसकट ओरबाडणारी गुरे त्यांना बळी पडतात.

मग कापल्यावाचून रोग ओळखावा कसा? त्याला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. हातमोजे घालून डॉक्टर कानाच्या शिरेतून रक्ताचा एक थेंब घेतो, काचपट्टीवर पसरतो आणि त्याला मिथिलिन ब्लू हा निळा रंग देतो. सूक्ष्मदर्शकाखाली चौकोनी टोकांच्या निळ्या कांड्या आणि त्यांच्याभोवती गुलाबीसर वेष्टन दिसले, की फाशीचा संशय पक्का. ही रीत 1903 सालापासून चालत आली आहे. मात्र कलेवर ताजे हवे. कुजल्यावर काचपट्टी फसवते, आणि मग नमुना मोठ्या प्रयोगशाळेत धाडावा लागतो.

म्हणूनच वेळ महत्त्वाची, आणि पहाटे गोठ्यात पहिले पाऊल बाईचे पडते. काही वर्षांनी दुसऱ्या एका गावी अशीच गाय मेली. सुऱ्या घेऊन माणसे आली, तेव्हा घरच्या म्हाताऱ्या आजी गाईपुढे बसून राहिल्या. म्हणाल्या, "डॉक्टरीणबाई येईस्तोवर सुरी लावायची नाही." काचपट्टीवर फाशी निघाली. गाय न कापता खोल पुरली, रक्ताची मातीही सोबत गेली. बाकीच्या गुरांना लस टोचली. त्या गावात पुढे एकही जनावर दगावले नाही.

भगिनींनो, जनावर अचानक मेले, तर नाका-तोंडातून रक्त आले असो वा नसो, त्याला हात लावू नका. कापू देऊ नका, मांस वाटू देऊ नका. कुत्री, कावळे आणि बाकीची गुरे दूर ठेवा. घटसर्प, फऱ्या, साप की कोवळी ज्वारी, हे डॉक्टरला ठरवू द्या. 1962 या क्रमांकावर फोन करा. 2009 च्या कायद्यानेही ही खबर देणे बंधनकारक आहे.

कातड्याचे पैसे बुडतात, आणि गरिबाला ते थोडे नसतात, हे मी जाणते. पण त्या मुलाचा हात मी पाहिला आहे. माहेरी जाल तेव्हा आजींचे ते एक वाक्य तेवढे घेऊन जा.