शाळा घरी येते तेव्हा

(दिल्लीतील मराठी कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



दिवाळीचे कंदील उतरले की दिल्लीतल्या आयांचे लक्ष शाळेकडून येणाऱ्या निरोपाकडे लागते. १८ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रदूषणविरोधी निर्बंधांचा चौथा टप्पा लागू झाला आणि दहावी-बारावी वगळता सर्वांचे वर्ग घरी भरू लागले. दोनच दिवसांत थोरल्यांनाही घरी बसावे लागले. कोरोनाकाळात आपण या प्रकाराला आपद्धर्म म्हटले होते. राजधानीत आता तो हिवाळ्यातला एक ऋतुधर्म होऊ पाहतो आहे. तेव्हा दरवर्षी ऐनवेळी धावपळ करण्यापेक्षा पाच-सात वर्षांच्या मुलांची आधीच तयारी कशी करावी, एवढ्यापुरतेच मी बोलणार आहे. थोरली मुले आपले आपण पाहून घेतात, किंबहुना आपल्याला शिकवतात.

आरंभी एक कबुली देतो. २०२० साली माझ्या भाचीचा मुलगा पहिलीत होता. भाची आणि जावई दोघेही नोकरीच्या कामात अडकलेले, म्हणून त्याच्या वर्गाच्या वेळी शेजारी बसण्याचे काम माझ्याकडे आले. बाईंनी विचारले, ‘सातच्या नंतर काय येते?’ पोराला क्षणभर सुचेना. मी कॅमेऱ्याच्या बाजूला सरकून आठ बोटे दाखवली. तो ‘आठ’ म्हणाला. पुढच्या प्रश्नाला त्याने पडद्याकडे पाहिलेच नाही, सरळ माझ्याकडे पाहिले. चौथ्या दिवशी बाई शांतपणे म्हणाल्या, ‘आजोबा, आज त्याला चुकू द्या.’ पंचवीस वर्षे मंत्र्यांना अडचणीचे प्रश्न विचारणारा मी त्या क्षणी निरुत्तर झालो. चार दिवसांत मी त्या मुलाला अंकगणित शिकवले नव्हते, तर विचार करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवायला शिकवले होते.

येथे ताराबाई मोडक यांची आठवण होते. गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरच्या बालमंदिरात काम केलेल्या ताराबाईंनी १९४५ च्या सुमारास तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत वंचित वस्तीतल्या मुलांसाठी अंगणवाडी सुरू केली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, असा त्यामागचा विचार होता. ऑनलाइन वर्गही शाळा घरी आणतो, हे खरे. पण बोर्डीच्या अंगणात शिक्षिका स्वतः होती, माती होती, शंख-शिंपले होते, शेजारी दुसरे मूल होते. पडद्यावरून शिक्षिकेचा केवळ आवाज आणि चेहरा येतो. उरलेले सारे घराला पुरवावे लागते. (मेकॉलेच्या नावाने बोटे मोडण्याची आपल्याला सवय आहे. या कामात मात्र त्याचा उपयोग नाही.)

तयारी आदल्या संध्याकाळी सुरू व्हावी. मुलाची जागा ठरलेली असावी आणि ती पलंगावर नसावी. आपल्याकडचा पाट आणि चौरंग या कामी कोणत्याही महागड्या टेबलाहून सरस आहेत. खुर्चीवर बसवायचेच असेल तर पाय लोंबकळता कामा नयेत, खाली एखादा डबा वा पाट ठेवा. फोन मुलाच्या हाती देऊ नका. पुस्तकांच्या चळतीला टेकवून तो डोळ्यांच्या पातळीला ठेवा. उजेड मुलाच्या समोरून यावा, पाठीमागून नव्हे, अन्यथा बाईंना केवळ काळी आकृती दिसते. घरात लॅपटॉप वा दूरदर्शन संच जोडता येत असेल तर लहान पडदा वापरूच नये. वर्गाच्या वेळी फोनवरचे इतर संदेश बंद ठेवावेत. सहा वर्षांच्या मुलापुढे लग्नाचे आमंत्रण झळकले की त्या दिवसाचा पाठ संपला!

आवाज बंद-चालू करण्याचे बटण मुलाला खेळातून शिकवा. आई स्वयंपाकघरातून बोलते, मूल बाहेरच्या खोलीतून उत्तर देते, अशी दोन दिवसांची तालीम पुरते. पाटी, खडू, रंगीत पेन्सिली आणि पाण्याचे भांडे हाताशी ठेवा. न्याहारी व शौच आधी उरकावे. मुलाने आंघोळ करून, गणवेश नसला तरी नीट कपडे घालून, हात जोडून एखादा श्लोक म्हणावा आणि मगच पडदा उघडावा. ही केवळ भाविकता नव्हे. खेळ संपला आणि आता शिकायचे, हे लहान मुलाला घड्याळ सांगू शकत नाही, असा नेम सांगतो.

आणि किती वेळ? केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ या नावाने मार्गदर्शक सूचना दिल्या होत्या. पूर्वप्राथमिकसाठी दिवसाला ३० मिनिटांहून अधिक नाही, तीही पालकांशी संवादासाठी. पहिली ते आठवीसाठी ३० ते ४५ मिनिटांच्या, फार तर दोन तासिका. शाळा बालवाडीच्या पोराला तीन-तीन तास बसवत असेल, तर नम्रपणे पण ठामपणे विचारण्याचा पालकांना अधिकार आहे. एकेकट्याने नव्हे, दहा पालकांनी मिळून विचारावे.

उरलेला दिवस पडद्याविना जावा. पुण्या-नाशिकची आई म्हणेल, जा, अंगणात खेळ. दिल्लीच्या आईला धुराच्या दिवसांत तेही म्हणता येत नाही. मग घरातच मटार सोलू द्या, कणकेचे गोळे करू द्या, परातीत तांदूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवू द्या. सागरगोटे काढा. लेखणी धरणारी बोटे पडद्यावर बोट फिरवून तयार होत नाहीत, ती अशा कामांतून तयार होतात. आणि वर्ग संपल्यावर ‘काय उत्तर दिलेस?’ असे विचारू नका, ‘आज बाईंनी काय दाखवले?’ असे विचारा.

आता जरा अप्रिय बोलतो. हवा बिघडली की शाळेबरोबर बांधकामेही बंद होतात. आपल्या मुलाचा वर्ग घरी भरतो, त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या इमारतीवरील मजुराची मजुरी थांबते, आणि मजुरी थांबली की फोनचे रिचार्जही थांबते. २०२० मध्ये सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी वस्तीतल्या घरांच्या भिंतींवर धडे रंगवले, कारण फोन सर्वांकडे नव्हते. मागच्या हिवाळ्यात आमच्या इमारतीत धुणेभांडी करणाऱ्या बाईंची मुलगी जिन्यात बसून, आईच्या तडा गेलेल्या फोनवर वर्ग ऐकत होती. तिसऱ्या दिवशी आमच्या मजल्यावरच्या एका आजींनी दार उघडून तिला आत घेतले आणि आपल्या नातवाच्या चौरंगापाशी बसवले. दोघांच्या शाळा निराळ्या, वेळा निराळ्या. सकाळी तो बसे, दुपारी ती.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी चालू स्थितीतला जुना फोन पडून आहे, त्यांनी त्यातली खासगी छायाचित्रे पुसून, चार्जरसह पुढच्या रविवारी येथे आणावा. आणि ज्यांच्या बैठकीच्या खोलीत दुपारी तासभर एक कोपरा मोकळा राहू शकतो, त्यांनी जाताना दाराशी ठेवलेल्या वहीत नाव व वेळ लिहावी. पहिले नाव त्या आजींचे आहे, दुसरे मी लिहिले आहे.