प्राथमिक शाळेतले मुलगे



प्राथमिक शिक्षकांच्या या संमेलनाचं अध्यक्षपद तुम्ही मला दिलंत, याबद्दल मी तुमची ऋणी आहे. अध्यक्षांनी बदल्या, अशैक्षणिक कामं, दर आठवड्याला मागितली जाणारी ऑनलाइन माहिती यांवर बोलावं अशी अपेक्षा असते. ही दुखणी खरी आहेत आणि ठरावांमध्ये ती येतीलच. माझा वेळ मात्र मी वर्गातल्या एका विषयासाठी मागून घेते. पहिली ते चौथीतले मुलगे कसे शिकतात, यावर मला बोलायचं आहे.

मुलींच्या शिक्षणावर आपण पुष्कळ बोललो आणि यापुढेही बोलावं लागेल. १८४८ साली पुण्याच्या भिडेवाड्यात सुरू झालेलं काम अजून पुरं झालेलं नाही. पण दहावीच्या निकालाकडे एकदा मुलग्यांच्या बाजूनेही बघा. २०२५च्या निकालात मुली ९६.१४ टक्के उत्तीर्ण झाल्या आणि मुलगे ९२.३१ टक्के. मुली पुढे असणं हे दरवर्षीचंच झालं आहे. मुलींच्या यशाचा मला मनापासून आनंद आहे. तरी मागे राहिलेले ते मुलगे दहा वर्षांपूर्वी पहिलीत आपल्याच हाताखाली होते, हे मला विसरता येत नाही. आणि हे आपल्याच राज्यात घडतं असंही नाही. २०१८च्या ‘पिसा’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत भाग घेतलेल्या प्रत्येक देशात पंधरा वर्षांच्या मुली वाचनात मुलग्यांच्या पुढे होत्या.

सहाव्या वर्षी मुलींची भाषा आणि बोटांची पकड सरासरीने थोडी पुढे असते. हे सरासरीचं बोलणं आहे. कोणत्याही वर्गात भराभर वाचणारे मुलगे असतात आणि चुळबुळ करणाऱ्या मुलीही असतात. म्हणून मुलग्यांसाठी वेगळी पद्धत, वेगळा वर्ग असं काही मी मागत नाही. माझं म्हणणं असं की, आपण पहिलीच्या मुलाकडून आल्याआल्या तीन गोष्टी मागतो: गप्प बस, ऐक आणि फळ्यावरचं उतरवून घे. काही मुलांना या तीन गोष्टी सर्वांत उशिरा जमतात आणि त्यांत मुलगे जास्त असतात. मुलगी कंटाळली तर बहुधा खाली मान घालून बसते, मुलगा उठून खिडकीशी जातो. कंटाळा दोघांचाही असतो. तो आपल्याला कळतो मात्र मुलग्यामुळे.

लिहिण्याचं उदाहरण घेऊ. देवनागरी अक्षर हाताची मोठी परीक्षा घेतं. गोलाई, गाठ, उभी रेघ, मग काना, वेलांटी, शेवटी डोक्यावरची रेघ. हात तयार नसताना दुरेघी वही पुढे आली की मुलाची सगळी शक्ती पेन्सिल धरण्यात जाते. मग वहीवर लाल शाईत ‘अक्षर सुधारा’ असा शेरा पडतो आणि आपल्याला येत नाही हे तो मनाशी धरून बसतो. खरं तर त्याला वाचता येऊ लागलेलं असतं. आपल्या जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटी होती. मूल बोटाने धुळीत अक्षर काढायचं, चुकलं तर हात फिरवून पुसायचं. त्या शाळेतली छडी मला नको आहे, धूळपाटी मात्र हवी आहे. आजही एका परातीत बारीक वाळू घेऊन हे करता येतं. अंगणात खडूने हातभर अक्षर काढून त्यावरून चालता येतं. पहिलीचं पहिलं सत्र बोटांना आणि खांद्यांना द्या. माती मळणं, कागद फाडून चिकटवणं, दोरीला गाठी मारणं हे लेखनाचंच काम आहे.

वाचन मात्र त्यासाठी थांबवू नका. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी जी वाचनपद्धती बसवली, तिच्यात मुलाला सगळी बाराखडी पाठ होईपर्यंत ताटकळत ठेवलेलं नाही. मोजकी अक्षरं आणि एखादी मात्रा घेतली की त्यांतूनच अर्थाचे शब्द तयार करायचे, मुलांनीही आपले शब्द सुचवायचे. अर्थ लवकर हाती लागला की मूल टिकतं. ज्या मुलाला बसणंच अवघड जातं त्याला तर हे फार लागू पडतं.

गणिताचंही तसंच आहे. विटी-दांडूत दांडूने अंतर मोजताना मुलगे ‘वकट, लेंड, मुंड’ म्हणत जातात तेव्हा ते मापनच शिकत असतात. माझ्या वर्गात एक मुलगा होता, रोज सकाळी किटली घेऊन डेअरीवर दूध घालायचा आणि मग शाळेत यायचा. वहीतल्या उदाहरणांत त्याचं लक्ष लागत नसे. पण गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) लागली तर ठरलेला दर मिळतो, फॅट घसरली की पैसे कापतात, हे त्याला पक्कं माहीत होतं. त्याच्या घरच्या पावत्या आम्ही फळ्याशी लावल्या आणि आठवड्याचा हिशेब सगळ्या वर्गाने मिळून केला. त्या आठवड्यात शिकवण्याचं काम बरंचसं त्यानेच केलं.

मूल जिथे आहे तिथे शाळेने जावं, हे महाराष्ट्राला सांगणारी माणसं होऊन गेली. ताराबाई मोडक १९४५मध्ये बोर्डीला आल्या, पुढे अनुताई वाघांसह त्यांनी कोसबाडच्या टेकडीवर काम उभं केलं. वारल्यांची मुलं गुरांमागे रानात जात, म्हणून शाळेत येत नसत. या दोघींनी पटावरची नावं कमी केली नाहीत. शिक्षकच गुरांमागे कुरणात पाठवले आणि त्यातून कुरणशाळा उभी राहिली. पानं, दगड, शेंगा, पक्षी हेच तिथलं साहित्य. राखोळ्या मुलाला रानात काय येतं, याच्यापासून तिथला अभ्यास सुरू होई. ताराबाईंचे सहकारी गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला शिक्षक पहिल्या दिवशी चौथीच्या वर्गात शांततेचा खेळ घेऊन जातो आणि पार फसतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो, तेव्हा तोच दंगेखोर वर्ग हलायला तयार नसतो. नव्वद वर्षांहून जुनं हे पुस्तक प्रत्येक नव्या शिक्षकाने रुजू होण्याआधी वाचावं असं मला वाटतं.

आता घराकडे येते, कारण मुलग्यांच्या मागे पडण्याची काही मुळं आपण घरात लाडाने जपतो. सात-आठ वर्षांची मुलगी पाणी भरते, धाकट्याला सांभाळते, तांदूळ निवडते. तिच्यावर हा भार टाकणं अन्याय आहेच. पण हाती घेतलेलं काम शेवटाला न्यायची सवय तिला त्यातून लागते. तिच्या भावाला ताटही उचलू देत नाहीत. मग ‘हे पूर्ण कर’ असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा शाळा सांगते आणि त्याला ते जाचक वाटतं. म्हणून शाळेतला झाडू, पाण्याची टाकी, पोषण आहाराची वाढप यांत मुलग्यांच्या पाळ्या लावा. बहिणीचं ओझं हलकं होईल आणि त्याचा अभ्यासही सुधारेल.

दुसरी गोष्ट वाचनाची. गावातल्या किती मुलग्यांनी आपल्या वडिलांना पुस्तक वाचताना पाहिलं आहे? पुरुष वाचतो हे दृश्यच डोळ्यांपुढे नसेल, तर वाचणं हे बायकांचं आणि बाईंच्या मर्जीतल्या मुलींचं काम, असं त्याला वाटत राहतं. सभागृहातल्या पुरुष शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. रोज दहा मिनिटं वर्गात स्वतःसाठी पुस्तक वाचत बसा आणि मुलांना ते बघू द्या. वाचनपेटीत गोष्टींच्या जोडीला साप, ट्रॅक्टर, किल्ले, विहिरी, क्रिकेट यांची पुस्तकं ठेवा. पालकसभेला वडिलांना नावाने बोलवा.

आणि मार. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. हा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. तरीही कानशिलात, अंगठे धरणं, ‘बैल’ म्हणणं सुरू आहे, आणि ते जास्त करून मुलग्यांच्या वाट्याला येतं, हे इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मुलगा आहे, त्याला काय होतंय, असं आपण म्हणतो. त्याला लागतं. तो रडत नाही, कारण रडायचं नाही हेही आपणच त्याला शिकवलेलं असतं.

दुपारच्या गटचर्चांपुढे मी दोन प्रस्ताव ठेवते. पहिला, अभ्यास झाला नाही म्हणून कोणत्याही मुलाला मधल्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवायचं नाही. फिनलंडच्या शाळांत ४५ मिनिटांच्या तासानंतर १५ मिनिटं मुलं मोकळी सोडतात. आपल्याला निदान आहे ती सुट्टी राखता येईल. दुसरा, पहिलीच्या पहिल्या सत्रात अक्षराच्या वळणावर शेरा मारायचा नाही आणि केंद्रप्रमुखांनी वह्या तपासताना तो मागायचाही नाही. दोन्हींना पैसा लागत नाही, शासननिर्णयाची वाट बघावी लागत नाही. चर्चा करा, हरकती असतील तर मांडा, आणि पटलं तर येत्या सोमवारपासून आपापल्या वर्गात सुरू करा.