ताप एक, सोंगे अनेक



पोळा आटोपला, पऱ्हाटी कमरेला लागली, धुऱ्यावर गवत माजले, की आपल्याकडे तापाचे दिवस येतात. मलेरिया, डेंग्यू, टायफॉईड ही नावे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ झाली आहेत. पण याच दिवसांत आणखी एक ताप येतो. त्याचे नाव अजून पुष्कळांच्या कानांवर नीट पडलेले नाही, आणि पडले तरी चुकीचे पडते. त्या तापाविषयी आज चार गोष्टी सांगायच्या आहेत.

त्याचे नाव स्क्रब टायफस. टायफस बरे का, टायफॉईड नव्हे. नावे सारखी वाटतात, पण रोग वेगळे, जंतू वेगळे, औषधही वेगळे. टायफॉईड दूषित अन्नपाण्यातून होतो. स्क्रब टायफस होतो तो झुडपात-गवतात राहणाऱ्या एका बारीक किड्याच्या चाव्यातून. स्क्रब म्हणजे झुडपी रान. एका दवाखान्यात ऐकलेले 'टायफस' दुसऱ्या दवाखान्यात जाईपर्यंत 'टायफॉईड' होऊन बसते. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले नाव कागदावर लिहून घ्यावे आणि तो कागद जपून ठेवावा.

आता हा ताप ओळखायला अवघड का, ते पाहू. आपले सिंदी मेघेच घ्या. वर्धा शहराला लागून असलेले हे गाव. सिंदी रेल्वे ते वेगळे. समजा, इथली एक बाई निंदणाला जाते. दिवसभर गवतात बसून काम, दुपारी धुऱ्यावर शिदोरी सोडायची, घटकाभर तिथेच आडवे व्हायचे. दहा-बारा दिवसांनी तिला थंडी वाजून ताप भरतो. डोके फुटायला येते, अंग मोडून येते. दोन दिवस तापाच्या गोळ्यांवर जातात. तिसऱ्या दिवशी रक्त तपासतात. मलेरिया निघत नाही. रक्तातल्या प्लेटलेट कमी दिसतात, म्हणून डेंग्यूची शंका येते. मग विडाल तपासणीत थोडेसे काही दिसते आणि टायफॉईडची इंजेक्शने सुरू होतात. पुढे डोळे पिवळे होतात. घरचे म्हणतात, कावीळ झाली, उतरवून आणू. आठव्या दिवशी धाप लागते, बाई असंबद्ध बोलू लागते, आणि शेजारची कोणी कानात सांगते की ही बाहेरची बाधा दिसते.

पाहा, ताप एकच आहे. बहुरूपी जसा आज पोलीस होऊन दारात येतो आणि उद्या वैदू होऊन, तसा हा रोग रोज नवे सोंग घेतो. घरचे चुकले असे नाही, आणि डॉक्टरांना काही कळत नाही असेही नाही. या रोगाची रीतच अशी आहे. त्याचा जंतू रक्ताच्या बारीक नळ्यांच्या आतल्या अस्तरात वस्ती करतो. अशा नळ्या शरीरात कोठे नाहीत? फुप्फुसातल्या नळ्या झिरपू लागल्या की न्यूमोनियासारखी धाप लागते, यकृतावर परिणाम झाला की कावीळ दिसते, मेंदूला सूज आली की भ्रम होतो, मूत्रपिंडे बिघडली की लघवी कमी होते. म्हणून एकाच रोगाचे चार रोगी चार वेगवेगळ्या तक्रारी घेऊन येतात.

आता तो किडा. मृगाचा पाऊस पडला की जमिनीतून लाल मखमलीसारखा मऊ किडा बाहेर येतो. तो मृगाचा किडा तुम्ही सर्वांनी लहानपणी हातावर घेतला असेल. तो बिचारा निरुपद्रवी. पण त्याचाच एक दूरचा भाऊबंद आहे, त्याला माइट म्हणतात. या माइटचे पिल्लू मिलिमीटरच्या पाचव्या भागाएवढे असते. साध्या डोळ्याला जवळजवळ दिसतच नाही. ते गवताच्या पात्यावर वाट पाहत बसते. उंदीर गेला तर उंदराला चिकटते, माणूस बसला तर माणसाला. चावताना दुखत नाही, त्यामुळे पत्ता लागत नाही. त्याच्या अंगी जंतू असला तर तो आपल्या अंगात उतरतो. ताप येतो तो सहा ते एकवीस दिवसांनी. तोवर निंदण कुठे केले होते, हेही माणूस विसरून जातो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. हा रोग माणसापासून माणसाला लागत नाही. रोग्याला वेगळे टाकण्याचे काही कारण नाही.

हा रोग नवा नाही. जपानमध्ये तो फार पूर्वीपासून ठाऊक आहे. दुसऱ्या महायुद्धात आसाम-ब्रह्मदेशाच्या आघाडीवर झाडीत उतरलेले हजारो सैनिक या तापाने अंथरुणाला खिळले. तेव्हा त्यावर औषधच नव्हते. 1948 साली मलायात क्लोरॅम्फेनिकॉल या औषधाचा गुण सिद्ध झाला, आणि तेव्हापासून हा रोग बरा होऊ लागला. आपल्या भागाला त्याची मोठी ओळख झाली ती 2018 च्या पावसाळ्यात. त्या साली नागपूर आणि विदर्भाच्या इतर भागांत त्याचे पुष्कळ रोगी सापडले, काही दगावलेही. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी या रोगाच्या रक्ततपासण्या किती भरवशाच्या आहेत याचा अभ्यास केला, तो त्याच वर्षी प्रसिद्ध झाला.

तुम्ही म्हणाल, तपासणी आहे ना, मग अडचण कसली? अडचण आहे. नेहमीची तपासणी जंतू शोधत नाही. जंतूशी लढण्यासाठी शरीर जी द्रव्ये तयार करते, ती रक्तात शोधते. ही द्रव्ये तयार व्हायला साधारण आठवडा जातो. चौथ्या दिवशी रक्त दिले आणि अहवालात 'नाही' आले, तर रोग नाही असा त्याचा अर्थ होत नाही. विडालचेही तसेच. तिच्यात थोडेसे दिसले म्हणजे टायफॉईड आहेच असे नव्हे. आणि टायफॉईडवर जी इंजेक्शने नेहमी देतात, ती या जंतूवर चालत नाहीत.

मग ओळखायचे कसे? मंडळी, आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. या बहुरूप्याची एक खूण पुष्कळदा अंगावर राहून जाते. किडा जिथे चावतो तिथे काही दिवसांत बारीक फोड येतो, फुटतो, आणि त्यावर काळी खपली धरते. भोवती लाल कडे असते. बिडीचा चटका लागल्यावर दिसते तशी ती दिसते. ती दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रोग्याला तिचा पत्ता नसतो. आणि ती असते तरी कुठे? काखेत, जांघेत, कमरेला करदोट्याच्या किंवा नाडीच्या खाली, स्तनांच्या खाली, कानामागे, डोक्याच्या केसांत. जिथे कपडा घट्ट बसतो किंवा कातडीला घडी पडते, तिथे.

दवाखान्यात गर्दी असते. डॉक्टर जीभ पाहतात, पोट पाहतात. आपली बाई परक्या माणसापुढे लुगड्याची गाठ सैल करत नाही. यात तिचा दोष नाही. पण मग ती खपली कोण पाहणार? घरातल्या सासूने पाहावी, लेकीने पाहावी, आशाताईने पाहावी. चांगल्या उजेडात, दार लावून, डोक्यापासून पायापर्यंत. सापडली तर डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, "अंगावर अशी अशी काळी खपली आहे." या एका वाक्याने आठ दिवसांचा गोंधळ मिटू शकतो. खपली सापडली नाही म्हणजे हा रोग नाही, असे मात्र धरून चालू नका. काही रोग्यांत ती नसतेच.

घरच्यांनी नीट पाहिले आणि नीट सांगितले तर काय घडते, याचे एक उदाहरण दूर अमेरिकेतले आहे. कनेक्टिकट राज्यात लाईम नावाचे गाव आहे. तिथे पॉली मरे नावाच्या बाईच्या घरात वर्षानुवर्षे कोणाचे गुडघे सुजत, कोणाच्या अंगावर चट्टे उठत, कोणाला ताप येई. डॉक्टरांना काही जुळेना. बाईने सगळे टिपून ठेवायला सुरुवात केली, आणि शेजारपाजारच्या मुलांचेही तसेच दुखणे आहे हे तिच्या ध्यानी आले. 1975 साली गावातल्या आयांच्या तक्रारींवरून येल विद्यापीठाच्या डॉक्टरांनी चौकशी सुरू केली. पुढे 1981 साली विली बर्गडॉर्फर या शास्त्रज्ञाला गोचिडांत त्याचा जंतू दिसला. आज तो रोग लाईमचा रोग म्हणूनच ओळखला जातो. आपला ताप वेगळा, किडा वेगळा. पण सोंगे बदलण्याची खोड तीच.

आपल्याकडचेही उदाहरण आहे. टायफसच्या घराण्यातला, अंगावर पुरळ उठणारा एक ताप गोचिडांमुळे होतो. अकोल्याचे बालरोगतज्ज्ञ डॉ. नरेंद्र राठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली तो ओळखण्यासाठी गुण देण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. मूल खेड्यातले आहे का, घरी जनावरे आहेत का, गोचीड लागली होती का, तळहात-तळपायांवर पुरळ आहे का, या साध्या गोष्टींनाही तीत गुण आहेत. म्हणजे रोग्याची हकीकत हीसुद्धा एक तपासणीच आहे.

गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. पावसाळ्यात मुलांकडून वहीच्या एका पानावर चार प्रश्न लिहून घ्या. ताप कोणत्या तारखेला सुरू झाला? त्याआधी तीन आठवड्यांत गवतात, वावरात, रिकाम्या प्लॉटवर कोण गेले होते? अंगावर काळी खपली आहे का? आतापर्यंत कोणते औषध झाले? घरात कोणाला ताप आला की मुलाने उत्तरे लिहावी आणि पान दवाखान्यात न्यावे. अक्षरओळख नसलेल्या आजीचे काम तिची नात करील.

औषध महागही नाही, दुर्मिळही नाही. डॉक्सिसायक्लिन नावाची साधी गोळी आहे. गरोदर बाईला दुसरे औषध देतात. वेळेवर सुरू झाले तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. दाट शंका असेल तर अहवालाची वाट न पाहता औषध सुरू करावे, असे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या 2015 च्या मार्गदर्शनात सांगितले आहे. पण तो निर्णय डॉक्टरांचा. दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणू नका, आणि बरे वाटले म्हणून मधेच सोडूही नका. धाप, भ्रम, झटके, लघवी कमी होणे यांतले काहीही दिसले तर त्याच घटकेला मोठ्या दवाखान्यात न्या. सेवाग्राम आणि सावंगी आपल्याला लांब नाहीत.

राहिली काळजी. वावरात जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, पाय झाका. गवतावर उघड्या अंगाने लोळू नका, काढलेले कपडे गवतावर टाकू नका. घरी आल्यावर साबणाने अंग घासून धुवा, कपडे बदला. घराभोवतीचे गवत कापा, उंदरांना थारा देऊ नका.

निंदण काही थांबवता येणार नाही. ते आपले पोट आहे. पण निंदणाला गेलेली माय आठ-दहा दिवसांनी तापाने पडली, तर घरातल्या एकाने तरी दिवा जवळ घेऊन तिच्या अंगावरची ती खपली शोधावी. एवढे ध्यानात राहिले तरी आजचे बोलणे कामी आले असे मी समजेन.